१४ महिन्यांचा झाला, अजून टेकूशिवाय बसत नाही. सोलापुरात सुरुवात कुठून करायची?

पिल्लूची_आई | ३ फेब्रुवारी, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या. जुळे सोलापुरात राहतो आम्ही. पिल्लू १४ महिन्यांचं आहे. ३२ व्या आठवड्यात झाला, दीड किलोचा, १८ दिवस पेटीत होता. आता मान धरतो, हसतो, मला बघून हात पुढे करतो, पण बसवला की पुढे घडी होते नाहीतर एका बाजूला कलंडतो. उजवी मूठ सारखी आवळलेली. उभा धरला की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात.

हे सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं माहितीय का, अंघोळ घालायला यायच्या त्या मावशींच्या. चौथ्या महिन्यातच म्हणाल्या, "पोरी, ह्याच्या मांड्या सुटंनात बघ, तेल लावलं तरी लाकडावाणी लागतात." मी घरात सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या सातमाशं पोर आहे, अंगात भरायला वेळ लागणारच. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले दोन वर्षांपर्यंत वाट बघू. मी वाट बघायला तयार आहे हो पण कशाची बघायची तेच कुणी सांगत नाही.

डीईआयसी असं काहीतरी गुगलवर दिसलं. ते काय असतं, कोणाकडून जायचं, कागदं काय लागतात? आणि खरं सांगा, मी उगाच घाबरतेय का?

आज्जी_नं_१ | ४ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

अगं काळजी करू नकोस. आमचा धाकटा साडेतीन वर्षांचा होईस्तोवर एक शब्द बोलला नाही, आता वकील आहे, गप्प बस म्हटलं तरी बसत नाही. सिद्धेश्वराला दही-भाताचा नैवेद्य दाखव. पोरं आपापल्या वेळेनं करतात सगळं. आणि ते गुगल बंद कर रात्रीचं.

फिजिओ_बाई | ४ फेब्रुवारी, दुपारी २:३५

आज्जी, नैवेद्य जरूर दाखवू द्या पण गाडी तिथं थांबवू नका. तुमच्या वकिलाचं बोलणं उशिरा आलं ते वेगळं आणि हे वेगळं.

पिल्लूची आई, मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते, म्हणून जरा लांब लिहिते. इथून मी निदान करणार नाही, करूही नये. पण तुम्ही विचारलंय उगाच घाबरतेय का, तर नाही, उगाच नाही.

आधी हिशोब करा. दिवसाआधी झालेल्या मुलाचं वय दोन वर्षांपर्यंत वजावट करून मोजायचं. ४० मधून ३२ गेले, ८ आठवडे, म्हणजे दोन महिने. तुमचं पिल्लू कागदावर १४ महिन्यांचं पण विकासासाठी १२ महिन्यांचं. हे बऱ्याच घरात माहीत नसतं आणि त्यामुळे काही आया विनाकारण रडतात. पण १२ धरले तरी बसायला पाहिजे होतं. साधारण सहा ते आठ महिन्यात मूल बिनटेकूचं बसतं, नवव्यापर्यंत नाही बसलं तर दाखवायचं. शिवाय वर्षाच्या आत मूल डावखुरं का उजवं हे कळायलाच नको, दोन्ही हात सारखे चालले पाहिजेत. एकच हात पुढे येत असेल तर दुसरा का येत नाही हे बघायला लागतं. मूठ, कात्री, बसणं, तिन्ही एकत्र असताना दोन वर्षांची वाट बघा हा सल्ला मला पटत नाही.

तुमच्याकडे माता बाल संरक्षण कार्ड आहे ना, लसीचं म्हणतो ते? प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं असेल. आपण त्यात फक्त लसीचं पान उघडतो. त्याच कार्डात चित्रं काढून दिलीत, कुठल्या महिन्यात मूल काय करतं आणि काय दिसलं तर लगेच दाखवायचं. आज काढून बघा, आणि जे जमत नाही त्यावर पेनाने गोल करून ते कार्डच डॉक्टरपुढे ठेवा. "मला वाटतं" म्हणण्यापेक्षा त्याला वजन येतं.

आणि एक, कृपा करून तो चाकाचा प्लास्टिक वॉकर आणू नका. त्यात लटकवलं की पाय अजून ताठ होतात, मूल चवड्यावर ढकलायला शिकतं. जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो धरून ढकलायचा असतो, पण तोही उभं राहता यायला लागल्यावर.

कडक_भाकरी | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:०२

वॉकर पण वाईट? आमच्या घरात तीन पिढ्यांचा आहे बे तो. (ठीक आहे, तीन नाही, दोन.)

मोहोळची_ताई | ४ फेब्रुवारी, रात्री ९:२०

मी अंगणवाडी सेविका आहे, मोहोळ तालुका. डीईआयसीचं सांगते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून आहे, आरबीएसके म्हणतो आम्ही. २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, आणि सुरुवात आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासतात. त्यांची गाडी असते, गाडीत दोन डॉक्टर, एक बाई एक पुरुष, एक सिस्टर आणि औषध देणारे. अंगणवाडीला वर्षातून दोनदा येतात आणि शाळेला एकदा. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर असे चार गट धरून बघतात. काही आढळलं की चिठ्ठी देतात, त्या चिठ्ठीवर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचं, तेच तुमचं डीईआयसी. तिथं एकाच छताखाली बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, कानाचे-बोलण्याचे, डोळ्याचे, मानसशास्त्राचे, विशेष शिक्षक अशी रचना असते, तपासणी आणि थेरपी फुकट. सगळी पदं कायम भरलेली असतात असं मी म्हणणार नाही, त्यामुळे जायच्या आधी कुठल्या वारी कोण बसतं ते विचारून जा नाहीतर हेलपाटा होतो.

चिठ्ठी नसली तरी थांबू नका. शहरात असाल तर नागरी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला नाहीतर तुमच्या भागातल्या आशाताईला धरा. आशाला तर बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घरी यायचंच असतं आणि पुढं ३, ६, ९, १२, १५ व्या महिन्यात पण. तुमच्याकडे १५ व्याची भेट राहिलीय अजून, त्यांना आठवण करा.

आता मनातलं सांगते. गाडी यायची असली की मी आदल्या दिवशी घरोघर सांगून येते. आणि नेमकी जी पोरं दाखवायला पाहिजेत तीच त्या दिवशी मामाच्या गावाला गेलेली असतात. एका घरी तर पोरगी माळवदावर खेळत होती आणि आजी दारात उभं राहून मला सांगते नाही ओ ताई, पंढरपूरला गेलीय. वरून पोरीचा आवाज येतोय. लोकं लपवतात. पुढं लग्नाला अडचण येईल म्हणतात, अडीच वर्षाच्या पोरीच्या.

आज्जी_नं_१ | ५ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

लपवणं वाईटच. मी लपव म्हटलं नव्हतं. मी धीर दे म्हटलं होतं.

यंत्रमाग_वाला | ५ फेब्रुवारी, रात्री १२:४०

ताई तुमचं वाचून आमचं आठवलं. आमचं कानाचं प्रकरण.

घराला लागून माग आहेत आमचे, टॉवेलचे. दिवसरात्र खडखड. पोरगी हाक मारली की बघत नव्हती, आम्ही म्हणायचो मागाच्या आवाजाची सवय झालीय तिला, एवढ्या आवाजात झोपते बघा किती गुणाची आहे. गुणाची कसली, तिला ऐकूच येत नव्हतं. माझ्या आईनं एकदा मागं उभं राहून स्टीलची थाळी आपटली, पोरगी वळली, झालं, घरात सगळ्यांनी निकाल लावला ऐकू येतंय. नंतर कळलं जोराच्या आवाजाचा हादरा पायाला, अंगाला लागतो, सावली हलते, पोर त्यानं वळतं. थाळी, फटाके, टाळी ही टेस्ट नाही. जन्मली तिथं कानाची तपासणी झालीच नाही, आम्हाला असते हेच माहीत नव्हतं. बेरा टेस्ट (कानाची नस मेंदूपर्यंत आवाज नेते का ते बघतात ती) झाली तेव्हा पोरगी दोन वर्षं सात महिन्यांची होती.

कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं मशीन) मुंबईला झालं, अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून. त्यात जन्मापासून ऐकू न येणाऱ्या पोरांना पाच वर्षांच्या आतच मिळतं, म्हणजे अजून अडीच वर्षं आम्ही थाळ्या आपटत बसलो असतो तर ते पण गेलं असतं. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, ह्या योजनेचं काम ती बघते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री बसायचं, सकाळी तिथं, परत रात्रीच्या गाडीनं घरी. किती वेळा गेलो मोजलं नाही.

पण ऑपरेशन म्हणजे ऐकू आलं असं नाही ओ. मशीन लावल्यावर तिच्यासाठी ते पहिला दिवस असतो. आवाज कळतो, अर्थ कळत नाही. मग थेरपी, दोन वर्षं. आणि आपला उन्हाळा! घामानं मशीन बंद पडायचं, रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. मागाच्या खोलीत तर न्यायचंच नाही. आता पहिलीत आहे. भांडते, म्हणजे बोलते.

पोरगं जन्मलं की कानाची टेस्ट मागा. कुणी नाही म्हटलं तर लिहून द्या म्हणावं.

कानगोष्टी | ५ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

यंत्रमागवाले दादा, तुमची पोस्ट मी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकू का? ऑडिओलॉजी शिकतेय.

आमच्याकडे १-३-६ असं पाठ करून घेतात. एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत मशीन आणि थेरपी सुरू. चाळणीची ओएई टेस्ट दुखत नाही, बाळ झोपलेलं असताना कानात छोटा प्रोब ठेवतात, काही मिनिटांचं काम.

पिल्लूची आई, तुमचं बाळ १८ दिवस पेटीत होतं म्हणून दोन गोष्टी विचारते. बेरा झाली होती का? पेटीतल्या मुलांना नुसती ओएई पुरत नाही, कारण कधी कधी कान ठीक असतो पण पुढची नस संदेश नीट नेत नाही, ते ओएईत सुटतं. आणि डोळ्यांचा पडदा तपासला होता का? ३४ आठवड्यांच्या आतली किंवा दोन किलोच्या आतली बाळं असली की पहिल्या ३० दिवसात पडदा बघायला पाहिजे. डिस्चार्ज कार्डावर आरओपी असं लिहिलेलं असेल, बघा जरा.

पिल्लूची_आई | ५ फेब्रुवारी, दुपारी १:३०

आरओपी लिहिलंय, दोनदा तपासलंय आणि नॉर्मल. बेराचं काहीच नाही. कार्ड काढलं आणि गोल केले. सात गोल झाले. स्वयंपाकघरात जाऊन रडून आले आणि आता लिहितेय.

पूर्वभाग_पोट्टी | ५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४५

ताई रडून घ्या, मग उठा, मी पण असंच केलतं.

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, याच धाग्यात विचारू का? आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. अशोक चौकात राहतो. शेजारी कन्नड, अंगणवाडीत मराठी, टीव्हीवर हिंदी. मुलगा २६ महिन्यांचा, पाच-सहाच शब्द बोलतो, ते पण दोन तेलुगू, बाकी मराठी. सगळे म्हणतात इतक्या भाषांनी गोंधळलाय, घरात फक्त मराठी बोला. माझ्या सासूला मराठी धड येत नाही, मग ती नातवाशी बोलायचंच बंद झालीय गेले तीन महिने. नुसती मांडीवर घेऊन बसते.

कानगोष्टी | ५ फेब्रुवारी, रात्री १०:०५

अहो आधी सासूबाईंना बोलू द्या! भाषा जास्त म्हणून बोलणं उशिरा येतं हे खरं नाही. सोलापुरात हा सल्ला इतक्या लोकांना मिळालाय की मला राग येतो. तसं असतं तर अख्खा पूर्व भाग मुका राहिला असता. दोन भाषांत वाढणारं मूल शब्द वाटून घेतं, म्हणून मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. ज्या भाषेत आजीला गाणं येतं, गोष्ट येते, रागवता येतं, त्याच भाषेत तिने बोलावं. तोडक्या मराठीत "बॉल दे, दूध पी" एवढंच बोलण्यापेक्षा चांगल्या तेलुगूत दहा वाक्यं बरी.

पण सगळ्या भाषांचे मिळून पाच-सहाच शब्द असतील तर २६ महिन्यांना ते कमी आहेत. दोन वर्षांला दोन शब्द जोडून बोललं पाहिजे, "दूध दे", "आजी ये" असं. भाषांना दोष देऊन थांबू नका. कान तपासा आधी. नावाने हाक मारली की बघतो का, बोट दाखवून "ते बघ" करतो का, तुम्ही बोट दाखवलं तर तिकडे बघतो का ते सांगा. १६ ते ३० महिन्यांसाठी एम-चॅट म्हणून २० प्रश्नांचा फॉर्म असतो, ऑटिझमच्या चाळणीचा, तो भरून घेतात. चाळणीच आहे हां ती, त्यात आलं म्हणजे ऑटिझम आहेच असं नाही.

पूर्वभाग_पोट्टी | ५ फेब्रुवारी, रात्री १०:३१

हाक मारली की कधी बघतो कधी नाही. बोट दाखवत नाही, माझा हात धरून नेतो फ्रीजकडे. उद्याच निघते.

गुरुकृपा_केंद्र | ६ फेब्रुवारी, सकाळी ११:००

[पोस्ट काढली आहे. – चालक]

चालक | ६ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

"२१ दिवसात चालवून दाखवू, ऑटिझम मुळापासून बरा" छापाच्या जाहिराती टाकल्या की आयडी बंद होईल. आधीच सांगून ठेवतोय.

फिजिओ_बाई | ६ फेब्रुवारी, दुपारी १:५०

धन्यवाद चालक. स्टेम सेलवाले पण असेच फिरतात, लाखात पैसे घेतात. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार करू नयेत असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच सांगितलंय. आणि स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक यांच्याकडे जाताना आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. १९९२ च्या कायद्याने ती नोंदणी लागते. भिंतीवर दहा सर्टिफिकिटं लावलेली असतात, त्यात हे एक आहे का ते बघा.

बार्शीकर_बाबा | ७ फेब्रुवारी, रात्री ११:१५

माझा अनुभव लिहितो, कुणाचा एखादा तरी रविवार वाचेल.

मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यामुळे हातापायांवर नीट ताबा राहत नाही ते), एक वर्ष दोन महिन्यांची असताना कळलं. मी काय केलं, तर पुण्यात सगळ्यात मोठं नाव शोधलं आणि दर आठवड्याला पुणे. बार्शीहून पहाटे कुर्डुवाडी, तिथून गाडी, मग रिक्षा. ४५ मिनिटांची थेरपी आणि १३ तासांचा दिवस. पोरगी तिथं पोचेस्तोवर थकलेली, थेरपी होईपर्यंत रडायची, निघताना झोपायची. मी सात महिने हे केलं. दुकान नोकरावर सोडलं, कर्ज झालं, बायकोशी बोलणं म्हणजे फक्त तिकीट काढलं का एवढंच. आणि मला वाटायचं मी फार करतोय.

एक दिवस त्या थेरपिस्ट बाईंनीच मला बसवलं आणि विचारलं, घरी तिला कोण भरवतं, कशावर बसवून? मला सांगता येईना. घरी तिला उशांत खोचून मोबाईल द्यायचो ओ आम्ही. आठवड्याचे बाकीचे साडेसहा दिवस. त्या म्हणाल्या सहा आठवड्यांनी एकदा या, आणि मधे घरातले व्हिडिओ पाठवा. मला आधी वाटलं आम्हाला टाळतायत.

मग घरात बदल केले. जेवताना कोपऱ्यात भिंतीला टेकवून, पायाखाली पाट. शेंगा फोडायला बसलो की तिच्या पुढ्यात ताट, दोन्ही हातांनी शेंगा चिवडायच्या, टरफल उजव्या डब्यात, म्हणजे उजवा हात आपोआप जातो. कपडे घालताना बाही धरून थांबायचं, ती हात घालेपर्यंत. हे थांबणं फार अवघड असतं, आपल्याला घाई असते. ती चालत नाही अजून, रांगते आणि धरून उभी राहते, पाच वर्षांची आहे. पण भाकरी स्वतः मोडून खाते.

पिठलं_भाकरी | ८ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

बाबा छान लिहिलंय पण एक कडू बोलते. "घरी करा" म्हणतात तेव्हा घरी म्हणजे कोण? आईच ना. माझ्या मुलीला डाऊन सिंड्रोम, हृदयाचं ऑपरेशन झालेलं, थायरॉईडची गोळी. मला फिजिओने दिलेले आठ व्यायाम, स्पीचवालीने दिलेले पाच, विशेष शिक्षिकेने दिलेली वही. शिवाय थोरल्याची शाळा, सासऱ्यांचं डायलिसिस, स्वयंपाक. दिवसाच्या शेवटी वहीत टिक नसली की मला अपराधी वाटायचं. एकदा मुलगी मांडीवर येऊन नुसती पडली होती आणि मी तिची जीभ आत ढकलायचा व्यायाम करत होते. नवरा म्हणाला अगं तिला नुसतं घे ना. तेव्हा मी वही फेकली होती.

फिजिओ_बाई | ८ फेब्रुवारी, रात्री ९:००

तुमचं बरोबर आहे आणि चूक आमची आहे. पाच जणांनी पाच वह्या देणं हा हस्तक्षेप नव्हेच. एकानं सगळ्यांचं ऐकून घरच्यांना दोन गोष्टी सांगायच्या, त्या पण घरात आधीच होणाऱ्या कामात बसतील अशा. म्हणून मी व्यायाम सांगायच्या आधी विचारते दिवसभरात काय काय होतं घरात. आणि बाबांना, काकांना समोर बसवल्याशिवाय सांगत नाही. वडील म्हणतात कामावर आहे, मी म्हणते मग संध्याकाळी या, मी थांबते.

पिल्लूची आई, दाखवेपर्यंत एवढंच करा. कडेवर घ्या. आपली जुनी पद्धत, कमरेवर, एक पाय पुढं एक मागं. कात्री होणाऱ्या पायांना ते फार चांगलं, मांड्या आपोआप फाकतात, वेगळा वेळ काढायला लागत नाही. दोन्ही कडेला आलटून पालटून. आणि झोळीत, पाळण्यात फक्त झोपेपुरतं, जागं असताना सतरंजीवर.

जर्सीतला_सोलापूरकर | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

मी मूळचा साखर पेठेतला, आता न्यू जर्सीत. इकडे काय होतं ते सांगतो, तुलना म्हणून नाही. इथे १९८६ च्या कायद्याने ही सोय आली, आता त्याला आयडीईएचा (अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्याचा) पार्ट सी म्हणतात. जन्मापासून तीन वर्षांपर्यंत. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आईबापाने स्वतः फोन केला तरी चालतो. फोन केल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि कुटुंबाबरोबर बसून लेखी आराखडा झाला पाहिजे असा नियम आहे. आणि माणूस घरी येतो.

आमच्या मुलाला बोलायला उशीर होता. बाई आल्या तर हात हलवत आल्या, खेळणी नाहीत काही नाही. मला वाटलं ही काय थेरपी. त्या बायकोला म्हणाल्या तुम्ही आत्ता काय करणार होतात? ती म्हणाली कांदापोहे. मग कांदेपोहे करतानाच सगळं झालं, कांदा दाखव, वास दे, "अजून?" म्हणून थांब. पिठलं-भाकरी ताई म्हणतायत ते याच्याच जवळचं आहे बहुतेक.

इथे पण सगळं गोड नाही. माणसं मिळत नाहीत, थेरपिस्ट मध्येच बदलतात, आणि तिसऱ्या वाढदिवसाला हे बंद होऊन शाळेच्या खात्याकडे जातं, तेव्हा परत पहिल्यापासून कागदपत्रं.

कडक_भाकरी | ९ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

४५ दिवसात घरी येतात, आमच्याकडं ४५ दिवसात नळाला पाणी किती वेळा येतं ते विचारा.

गंमत सोडा, माझी भाची पण अशीच आहे, मी रोज हा धागा वाचलालो.

पिल्लूची_आई | २८ फेब्रुवारी, रात्री १०:२०

अपडेट. आशाताईंकडून चिठ्ठी घेऊन गेलो. पहिल्या खेपेला ज्यांना भेटायचं ते रजेवर, मोहोळच्या ताईंनी सांगितलेलं ऐकायला हवं होतं, फोन करून गेलो नाही. दुसऱ्या खेपेला तीन तास लागले पण तिघांनी बघितलं. बेरा झाली, कान चांगले आहेत. एमआरआयला पाठवलंय. डॉक्टर म्हणाल्या स्पॅस्टिक, म्हणजे स्नायू ताठ होण्याचा प्रकार वाटतोय, नाव नंतर ठरवू, थेरपी आजपासून. आठवड्यातून एकदा तिथे, बाकी घरी.

सासूबाई बरोबर होत्या. तिथल्या फिजिओने त्यांच्याच मांडीवर बसवून दाखवलं सगळं. येताना रिक्षात गप्प होत्या, मग म्हणाल्या मावशी बोलली होती गं. बास एवढंच.

निरामयचं आणि कार्डाचं कुणी सांगेल का?

बार्शीकर_बाबा | १ मार्च, सकाळी ९:४५

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आधी. स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, त्यातच हॉस्पिटल निवडायचं, मग बोलावतात. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, सेरेब्रल पाल्सी त्यात येतं. लहान पोरांना बहुतेक वेळा तात्पुरतं देतात, पुढं परत तपासणी, त्यामुळे तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० च्या वर निळं. एसटीला सवलत ४० टक्क्यांपासून.

निरामय म्हणजे नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांग एवढ्या चारच प्रकारांना. थेरपीची बिलं पण त्यातून मागता येतात, म्हणून बिल घेत जा, नुसत्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. दरवर्षी नूतनीकरण. मी एक वर्ष विसरलो होतो.

घरात एखाद्याला "अपंगाचं कार्ड" या शब्दाचाच त्रास होतो. माझ्या वडिलांना झाला. मी त्यांना म्हटलं रेशनकार्ड आहे तसंच हे, पोरीच्या कपाळावर चिकटवायचं नाहीये.

पूर्वभाग_पोट्टी | १९ एप्रिल, दुपारी ४:१५

आमचं पण सांगते. कान ठीक. ऑटिझम आहे म्हणाले. आठवड्याला दोनदा स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी चालू. सासूबाई परत तेलुगूत बोलतात. काल त्या गाणं म्हणता म्हणता शेवटचा शब्द मुद्दाम सोडून थांबल्या तर याने भरला. तेलुगू शब्द होता. त्या मला ओरडून बोलावत होत्या आणि मी गॅसवर दूध सोडून धावले, दूध गेलं सगळं.

आज्जी_नं_१ | १९ एप्रिल, संध्याकाळी ५:००

जाऊ दे गं दूध.

पिल्लूची_आई | ११ जून, रात्री ९:५०

बरेच दिवसांनी. मे महिना नुसता भाजला, ४३ डिग्रीत थेरपीला न्यायचं म्हणजे... शेवटी सकाळी पहिला नंबर मागून घेतला. पिल्लू १८ महिन्यांचं झालं. अजून एकटा बसत नाही पण कोपरा-खुर्चीत अर्धा तास बसतो आणि दोन्ही हात पुढे आणतो, उजवी मूठ उघडते कधी कधी. परवा त्याने उजव्या हाताने सासऱ्यांचा चष्मा ओढला. चष्मा तुटला आणि घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

कडक_भाकरी | ११ जून, रात्री १०:१२

अभिनंदन ताई!! ती कोपरा-खुर्ची कुठं मिळाली? भाचीला पण सांगितलीय, ऑनलाइन फार महाग दाखवतंय.

पिल्लूची_आई | ११ जून, रात्री १०:४०

आमच्या गल्लीतल्या सुताराने केली, प्लायवूडची. दोन फळ्या काटकोनात पाठीला, म्हणजे खांदे मागे जात नाहीत, खाली बैठक, मांड्यांच्या मधे लावलेला गोल खांब आणि पुढे खाच पाडलेलं टेबल. पण आमची मापं घेऊ नका, भाचीला फिजिओकडे बसवून मोजून घ्या, कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि गुडघ्यापासून तळव्यापर्यंत. तळवा पूर्ण टेकला पाहिजे. आमची पहिल्यांदा एक इंच उंच झाली होती, सुताराने परत पाय कापून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. खांबाला फोम लावून रेक्झिन मारून घ्या, नुसत्या लाकडाला मांडी घासते.

कडक_भाकरी | ११ जून, रात्री १०:४४

सुताराचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा की.